ताप उतरत नाही तेव्हा : बुरशीविरोधी औषध कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं

केमोथेरपीनंतर साधारण आठवड्याभराने रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, उतरू लागतात. काउंट ५०० च्या खाली गेला आणि ताप १०१ वर पोचला, की रिपोर्टची वाट न बघता तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं, हे आता सर्वमान्य आहे. माझा विषय त्यापुढचा. चार-पाच दिवस जोरकस अँटिबायोटिक चालू आहे, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही उगवत नाही आणि ताप मात्र हटत नाही. आता काय?

१९८२ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या फिलिप पिझ्झो आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशा रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं अँटिबायोटिक थांबवलं, दुसऱ्याचं तसंच चालू ठेवलं, तिसऱ्याला जोडीला अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध दिलं. तिसऱ्या गटात बुरशीचे आजार कमी झाले. रुग्ण होते पन्नास. ताप टिकला की पुराव्याविनाच बुरशीविरोधी औषध सुरू करायची जगभरची पद्धत एवढ्याशा पायावर उभी राहिली, हे विसरू नये.

तरी तिला आधार आहे. अशा रुग्णांना गाठणाऱ्या बुरशींपैकी शरीरात खोलवर शिरलेला कँडिडा ब्लड कल्चरमध्ये जेमतेम निम्म्या वेळा सापडतो, ॲस्परजिलस तर जवळजवळ कधीच नाही. पुरावा हाती येईपर्यंत थांबलं, तर उशीर झालेला असतो.

पण ताप हा काही बुरशीचा पुरावा नव्हे. औषधाची रिॲक्शन, सेंट्रल लाइनमधला (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतला) संसर्ग, शिरेतली गुठळी, खुद्द मूळचा कॅन्सर, कशानेही ताप टिकतो. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर माझा आग्रह असतो : आधी छातीचा सीटी स्कॅन करा, सोबत रक्तातली गॅलॅक्टोमॅनन चाचणी, म्हणजे ॲस्परजिलसच्या भित्तिकेतल्या घटकाचा शोध. साध्या एक्स-रेवर विसंबू नका. तो स्वच्छ दिसत असताना सीटीवर गाठ दिसते, आणि तिच्याभोवती धुरकट कडं. ॲस्परजिलस रक्तवाहिनीत घुसतो, भोवती रक्त झिरपतं, त्याचं ते कडं. आणि एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावी. औषध अचूक लागू पडत असतानाही पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ही सावली मोठी होऊ शकते. तेवढ्यावरून औषध फसलं म्हणून बदलू नये. रुग्णाचा बीपी ढासळत असेल, तर मात्र स्कॅनसाठी औषध अडवायचं नाही.

औषध कोणतं? अँफोटेरिसिन मिळालं व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून. बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला ते धरतं. आपल्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं, पण दोन्ही एकमेकांच्या जवळचे, म्हणून आपणही थोडे भाजतो : हुडहुडी भरते, पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन चढतं. लायपोसोमल प्रकारात (औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेलं असतं) हा त्रास बराच कमी, थांबत मात्र नाही. दुसरं औषध कॅस्पोफंजिन. ते बुरशीच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे पटलाबाहेरच्या कडक कवचावर, घाव घालतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून ते अंगाला सोसतं. तिसरं व्होरिकोनॅझोल, ‘अझोल’ गटातलं. ॲस्परजिलससाठी उत्तम, म्युकर या दुसऱ्या बुरशीवर निरुपयोगी. त्याने काही काळ डोळ्यांपुढे रंग वेगळे दिसतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. आणि रुग्ण प्रतिबंधासाठी याच गटातली गोळी आधीपासून घेत असेल, तर आता गट बदलावा. फ्लुकोनॅझोल इथे सहसा तोकडं पडतं, कारण मोल्डवर, म्हणजे ॲस्परजिलससारख्या तंतुमय बुरशीवर, ते चालत नाही.

ज्याचा काउंट आठवड्याच्या आत वर येणार हे दिसतंय आणि जो एरवी बरा आहे, त्याला यातलं बहुधा काहीच लागत नाही.

थांबवायचं कधी, हे आपण फार कमी बोलतो. काउंट वर आला, ताप गेला, स्कॅन स्वच्छ आहे, तर केवळ संशयावर सुरू केलेलं औषध बंद करावं. अपवाद एक आहे. काउंट वर येतो आणि तरीही ताप राहतो किंवा परत येतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताची गडबड दाखवणारं विकर) वाढतं. तेव्हा यकृत आणि प्लीहेतल्या कँडिडाची शंका घ्यायची. पेशी परतल्यावरच तिथल्या गाठी स्कॅनवर नीट दिसू लागतात, आणि मग उपचार काही महिने चालतात.