दिवाणाखाली हात घालू नका

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याला स्वतंत्र व्हिडिओ देणे भाग पडले. प्रश्न साधारण असा असतो: "आम्ही रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेतला. पहिले आठ दिवस तो अगदी गुणी होता, भुंकलासुद्धा नाही. आता मात्र तो गुरगुरतो, चपला फाडतो, पाहुण्यांवर धावून जातो. आमचे काय चुकले?"

असे कुत्रे घरात आणणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे असे मला जाणवते, आणि त्यामागे न्यायालयातील घडामोडींचाही वाटा असावा. दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी आधीचा आदेश बदलला. नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे, ते पिसाळलेले किंवा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडावेत, ही त्यातली बातमी सर्वांनी वाचली. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची राहील, हा भाग मात्र फार थोड्यांच्या लक्षात आला. आजचा व्हिडिओ त्या जबाबदारीविषयी आहे.

प्राथमिक गोष्टी मी भराभर सांगते, कारण त्या बहुतेकांना ठाऊक असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्यांना दाखवावे, जंताचे औषध द्यावे, गोचीड काढून घ्याव्यात, रेबीजची आणि इतर लसी कोणत्या झाल्या आहेत ते कागदावर पाहावे. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे असे समजावे. गोचीडतापासाठी रक्ताची तपासणी मागून घ्यावी, कारण हिरड्या पांढुरक्या पडेपर्यंत तो आजार पुष्कळदा कळत नाही. महापालिकेचा परवाना काढावा. दूध-पोळी देऊ नये. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही, आणि आधीच घाबरलेल्या जिवाला जुलाब लागले की दोघांचेही हाल होतात. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे कधीही नाहीत. एवढे पुरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, आणि तो मी आज तीन वेळा सांगणार आहे. नवा कुत्रा दिवाणाखाली जाऊन बसला असेल, तर त्याला तिथेच बसू द्या. त्याला ओढून बाहेर काढू नका, खाऊचे आमिष दाखवून काढू नका, "अरे, घाबरतोस काय" असे म्हणत हात आत घालून कुरवाळू नका.

यामागचे कारण समजून घेऊ. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याकडे अन्न, औषध, छप्पर यांतले काहीच भरपूर नसते, पण अंतर भरपूर असते. एखादा माणूस आवडला नाही तर तो दहा पावले मागे सरकतो. काठी दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जातो. किती जवळ जायचे आणि केव्हा निघून जायचे हे आयुष्यभर त्याने स्वतः ठरवलेले असते. आपण त्याला प्रेमाने दोन खोल्यांच्या घरात आणतो, दार लावतो, आणि त्याच्याकडची ती एकमेव शिल्लक एका मिनिटात काढून घेतो. घरात दूर जाण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे दिवाणाखाली. तिथेही आपण हात घातला, तर त्याने जावे कुठे?

आमच्या ठमीची गोष्ट सांगते. हडपसरच्या बाजूला एका चिकनच्या दुकानाबाहेर ती वाढली. अपघातात मागचा पाय मोडल्यामुळे तिला परत सोडणे शक्य नव्हते, म्हणून ती एका निवारा केंद्रातून आमच्याकडे आली. तेव्हा ती अंदाजे दोन वर्षांची होती. ट्रकच्या हॉर्नला तिने कधी कान हलवला नाही, पण छताचा पंखा सुरू झाल्यावर ती जमिनीला चिकटली. गुळगुळीत फरशीवर ती कधी चाललीच नव्हती. नखे रोवायला जागा मिळेना, म्हणून ती भिंतीला अंग घासत, पायपुसण्यावरून पायपुसण्यावर पोहोचत दिवाणाखाली गेली. त्या दिवशी तिने काहीही खाल्ले नाही. मी वरणभाताची ताटली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, वाकून चारदा पाहिले. रात्री दोनच्या सुमारास सगळे दिवे बंद असताना मला लपलप असा पाणी पिण्याचा आवाज आला. मी पाणी प्यायला म्हणून उठले असते तरी तो थांबला असता. मी श्वाससुद्धा हळू घेतला. मग नखांचा आवाज ताटलीपर्यंत गेला आणि थोड्या वेळाने परत फिरला. सकाळी ताटली स्वच्छ होती आणि ठमी दिवाणाखाली होती.

इतके शहाणपण मी दुसऱ्या दिवशी टिकवले असते तर फार बरे झाले असते. परंतु तिच्या अंगाला वास येत होता आणि घरात कुत्रा आणला तर त्याला आधी आंघोळ घातली पाहिजे, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते. मी पालथी पडून दिवाणाखाली हात घातला. तिने मान वळवली, पण डोळे माझ्यावरच ठेवले, त्यामुळे बुबुळांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला. तिने दोनदा ओठ चाटले. तिने जांभई दिली, आणि मी हसून घरच्यांना म्हणाले की हिला झोप येते आहे. नंतर ती अगदी हळू गुरगुरली. मी म्हणाले, "ए, असे नाही करायचे." पुढच्या क्षणी तिचे दात माझ्या तळहाताच्या कडेत होते.

चूक संपूर्णपणे माझी होती. तिने मला एकामागून एक चार नोटिसा दिल्या आणि त्यांतली एकही मला वाचता आली नाही. जखम मी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुतली आणि शून्य, 3, 7 व 28 या दिवसांची रेबीजविरोधी इंजेक्शने पूर्ण घेतली. ठमीची लस झालेली होती तरीही घेतली. "घरचाच कुत्रा आहे, हळद लावली" असे लिहिणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की हा विषय हळदीवर सोडू नका.

आता तोच मुद्दा दुसऱ्या बाजूने पाहू. "आमचा किती शांत आहे, मुले अंगावर लोळतात तरी हलत नाही" असे सांगत अनेक जण मला व्हिडिओ पाठवतात. मी ते थांबवून थांबवून पाहते. कुत्र्याचे शेपूट पोटाखाली असते, कान मागे दुमडलेले असतात, तोंड घट्ट मिटलेले असते आणि शरीर लाकडासारखे ताठ असते. हा कुत्रा शांत नसून भीतीने थिजलेला असतो. पळता येत नाही आणि लढण्याची हिंमत नाही, अशा वेळी प्राणी निपचित राहून संकट टळण्याची वाट पाहतो. पहिल्या आठवड्यातला गुणीपणा बहुतेक वेळा हाच असतो. दोन-तीन आठवड्यांनी भीती थोडी कमी झाली की कुत्रा हलू लागतो, आवडनिवड दाखवू लागतो, नको असलेल्या गोष्टीला नको म्हणू लागतो. नेमके याच वेळी "हा बिघडला" म्हणून त्याला परत केले जाते. तो बिघडलेला नसतो. तुमची आणि त्याची खरी ओळख तेव्हा कुठे सुरू झालेली असते.

काही जण "जिथून आणला तिथे सोडून येऊ" असेही म्हणतात. महिनाभरात त्या गल्लीतली जागा इतर कुत्र्यांनी घेतलेली असते आणि ते याला आत घेतीलच असे नाही. शिवाय उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाविना टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

येथे औक्षणाविषयी बोलणे आवश्यक आहे. मागच्या एका व्हिडिओत मी "नव्या कुत्र्याला ओवाळू नका" असे म्हणाले, त्यावर मला संस्कृती शिकवणाऱ्या बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. एका काकूंनी लिहिले की दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात, मग कुंकू लावले तर बिघडले कुठे? काकू, आमच्याही देवघरात दत्तगुरूंची तसबीर आहे. त्या तसबिरीत चारही कुत्रे आपापल्या जागी निवांत आहेत, आणि त्यांच्या तोंडासमोर ताम्हण घेऊन कोणी उभे नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. अनोळखी जागेत आल्या आल्या पंधरा माणसे, डोळ्यांसमोर फिरणारी ज्योत, कपाळाकडे वरून येणारे बोट आणि चहूबाजूंनी मोबाइल, हे सगळे ज्याला सोसावे लागते त्याच्या दृष्टीने पाहा. महिन्याने ओवाळा, मीही येईन.

आता तिसरी बाजू, आणि तिच्यावरून माझे घरच्या ज्येष्ठांशीही वाद झाले आहेत. कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नका. "लाडावून ठेवाल तर डोक्यावर बसेल, एक फटका दिला की पुन्हा गुरगुरणार नाही," असे सांगणारे लोक एका अर्थाने बरोबर सांगतात. पुष्कळ कुत्रे खरोखरच गुरगुरणे सोडतात. भीती मात्र तशीच राहते, त्यामुळे पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावतो. "काही कारण नसताना एकदम चावला" अशा तक्रारींच्या मागे गेल्यावर मला बऱ्याचदा असा फटका सापडला आहे. गुरगुर ऐकू आली की हात मागे घ्या, दोन पावले मागे व्हा आणि आपण नेमके काय करत होतो ते आठवा. तुम्ही मागे झालात म्हणून तो शेफारत नाही. इशारा पुरेसा आहे, चावण्याची गरज नाही, एवढे त्याला त्यातून कळते.

मग करायचे काय, असे विचाराल. जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून, चार हात दूर बसा आणि आपले काम करा. मी ठमीसमोर रोज भाजी निवडत असे. मधून मधून उकडलेल्या चिकनचा लहान तुकडा तिच्या दिशेने टाकायचा, पण तिच्याकडे पाहायचे नाही, आणि तो तिला बाहेर काढण्यासाठी टाकायचा नाही. आतल्या आत मिळेल असाच टाकायचा. नवव्या दिवशी मी मेथी निवडत असताना माझ्या कोपराला ओले नाक लागले. मी वळले नाही. ते नाक परत गेले, आणि मी मेथीची उरलेली काडी न् काडी निवडून संपवली, कारण उठण्याची माझी हिंमत नव्हती.

"तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" या सूत्राविषयीही सतत विचारणा होते. पहिले तीन दिवस दडपणाचे, तीन आठवड्यांत दिनक्रम बसतो, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते, असा त्याचा अर्थ आहे. अंदाज म्हणून ते ठीक आहे. परंतु तारीख लावून बसणारी माणसे मला भेटतात: "ताई, आज एक्क्याण्णवावा दिवस, अजून लिफ्टमध्ये येत नाही." ठमी सातव्या महिन्यात लिफ्टमध्ये चढली. तोपर्यंत आम्ही जिन्याने तीन मजले चढलो-उतरलो आणि माझे गुडघे त्याला साक्षी आहेत.

अंतराचा हा सगळा विचार दाराबाहेर मात्र लागू होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. घाबरलेला नवा कुत्रा सुटला तर तो तुमच्या घरी परत येत नाही, कारण ते घर अजून त्याचे झालेलेच नसते. हा साधा गळपट्टा पाहा. दोन बोटे आत जातील इतका तो योग्य बसला आहे; तरीही कुत्र्याने चारही पाय रोवून मागे जोर लावला आणि मान खाली घातली, की तो कानांवरून असा सर्रकन निघतो. म्हणून पहिले काही महिने गळपट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, दोन्ही घाला, दोन्हींना वेगळी दोरी लावा, आणि त्या घराच्या आत, दार बंद असताना अडकवा. दिवाळीच्या दिवसांत फटाके सुरू होण्याआधीच फिरवून आणा. इतके करूनही तो सुटलाच, तर मागे धावू नका. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती त्यांची थोरवी. आपण धावलो तर कुत्र्याला पाठलाग तेवढा कळतो. खाली बसा, बाजूला पाहा, त्याच्या ओळखीची गोधडी जवळ ठेवा आणि मदतीला आलेल्या मंडळींना दूर थांबवा.

शेवटचा प्रश्न एका दादांचा आहे: "हे सगळे मान्य, पण आंघोळ नेमकी कधी घालायची?" त्वचेच्या आजारासाठी पशुवैद्यांनी तसे सांगितले नसेल, तर घाई करू नका. ओल्या फडक्याने पुसणेसुद्धा तो आपणहून जवळ येऊन बसू लागल्यावरच सुरू करा. ठमीची पहिली आंघोळ चोविसाव्या दिवशी, कोमट पाण्याने, न्हाणीघराचे दार उघडे ठेवून झाली. त्यातही ती दोनदा बाहेर निघून गेली आणि आम्ही साबणाचा फेस वाळेपर्यंत थांबलो. तोपर्यंतचे तेवीस दिवस आमच्या घराला चिकनच्या दुकानामागच्या गल्लीचा वास येत होता, आणि आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या.