तुराटी पाठीला, बार नडगीला

दर्यापूर तालुक्यातलं एक गाव. जानेवारीतली सकाळ. शेकोटीभोवती अजून दोघंतिघं बसलेत, आणि समाजमंदिरामागच्या टिनाच्या शेडमध्ये पोलीस भरतीची पोरं घामाघूम झालीत. 1600 मीटर धावून झालंय. गोळा मात्र लांब जात नाही. कुणीतरी सांगितलं, डेडलिफ्ट मार, म्हणजे जमिनीवरचा वजनाच्या प्लेटा लावलेला लोखंडी बार उचलून ताठ उभा राहा.

या पोराकडे बघा. बारसमोर गेला, वाकला, हिसका दिला. बार हलायच्या आधीच त्याचं बूड वर गेलं आणि पाठीची कमान झाली.

"अबे, झटका काऊन देतं? बार काय पयून चाल्ला का?"

हे काका. आयुष्यभर बाजार समितीत हमाली केली. त्याआधी अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात एका उन्हाळी वर्गाला जाऊन आलेले. मंडळ 1914 सालचं; 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं आपले देशी खेळ दाखवले होते. काकांना हा इतिहास सांगायला फार आवडतं. आज वेळ नाही.

पोरगा चिडलाय. "काका, युरियाची 45 किलोची गोणी मी एका हिसक्यात खांद्यावर घेतो. हे तर 32च हाय!"

हिशेब बरोबर आहे. बार कापसाच्या काट्यावर मोजला तर 12 किलो भरला, प्लेटा दहा-दहाच्या.

"गोणी तू एक डाव उचलतं. हे तुले रोजचं हाय, अन् वजन वाढवत न्याचं हाय."

काका कुडातली एक तुराटी उपसतात. जाड, सरळ बघून. ती पोराच्या पाठीवर उभी धरायची: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे जरासे सैल, बूड मागे ढकलत वाकायचं. हात मोकळे नसले की गोठ्याचं दार आपण जसं बुडानं लोटतो, तसं. कंबर गोल झाली की तुराटी माकडहाडापासून सुटते. मीही कॅमेरा ठेवून करून पाहिलं. दोन सेकंदांत सुटली. निंदणाला, वेचणीला आपण इतकी वर्षं पाठीतूनच वाकतोय. खुब्यातून वाकणं शिकावं लागतं.

तीन दिवस फक्त तुराटी. पोरगा कंटाळला, पण आला.

चौथ्या दिवशी बार. पण आधी दोन विटा. मोठ्या जिममधल्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. इथल्या प्लेटा लहान, बार पार खाली, म्हणून माणूस नाइलाजानं पाठ वाकवतो. दोन्ही बाजूंना एकेक वीट आडवी ठेवली, काम झालं.

चपला बाहेर. फुगीर तळव्याचे बूटही नकोत, त्यात पाय डगमगतो. आता पावलं बघा. बार पावलाच्या मधोमध, नडगीपासून जेमतेम बोटभर अंतरावर. हात पायांच्या लगेच बाहेर. नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे वाकवायचे, पण बार ढकलायचा नाही. छाती पुढे. श्वास पोटात भरून पोट टणक, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं. (बीपीचा त्रास असेल तर असा श्वास कोंडण्याआधी डॉक्टरांना विचारा.)

आणि आता काकांचा आवडता मुद्दा.

"विहिरीतून बादली काढतं तवा दोर ढिला असताना हिसका देतं का? पहिले दोर ताण. मंग उचल."

पोरगा बार हळूच ताणतो. प्लेटा किंचित करकरतात. हात सरळ, बगला घट्ट. मग बार ओढायचा नाही, पायांनी जमीन खाली रेटायची. बार नडगीला, मग मांडीला घासत वर येतो. तो जितका अंगापासून लांब, तितका कंबरेवरचा भार जास्त. हमालही पोतं अंगाला भिडवूनच नेतो. वर ताठ उभं राहायचं, मागे रेलायचं नाही. खाली आणताना आधी बूड मागे, बार गुडघ्याखाली गेला की मग गुडघे.

पाच वेळा. थांबायचं. पुन्हा पाच. तिसऱ्या फेरीत, चौथ्या वेळेला पाठ गोल झाली.

"ठेव खाली. आजचं झालं."

"एकच राह्यला काका!"

"उद्या मार."

पोरगा घरी येतो. दारात ढेपेचं पोतं पडलंय. तो पोत्याला पाय भिडवून उभा राहतो, बूड मागे नेतो, पोत्याला कवळा घालतो, श्वास भरतो आणि क्षणभर तसाच थांबतो.

चुलीपाशी बसलेली आई मान वळवून बघते.

"काऊन रे, पोत्याच्या पाया पडून राह्यला का?"