महसीर परत आला, हे कशावरून म्हणायचं?

मंडळी, विषय दिलाय ‘महसीरच्या पुनरुज्जीवनाची उद्दिष्टं’. मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना महसीर हा गोड्या पाण्यातला मोठा मासा कोण, हे सांगायला नको. उद्दिष्टांकडे येतोच. पण आधी बीज, म्हणजे माशाची पिल्लं, नदीत सोडण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण खरा घोळ तिथेच आहे.

कुठेही मासा कमी झाला की पहिला प्रस्ताव बीज सोडायचा. पिशव्या येतात, फोटो निघतात, अहवालात आकडा चढतो: अमुक हजार बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. राजेहो, हा पैशाच्या खर्चाचा हिशेब झाला. त्यातली किती जगली, किती वाढली, एकीने तरी अंडी घातली का, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

सोडण्याची रीतही पाळत नाहीत. प्रवासात पिशवीतलं पाणी तापतं, डोहाचं पाणी गार असतं. पिशवी बांधलेलीच पंधरा-वीस मिनिटं डोहात तरंगू द्यावी, मग तोंड सोडून नदीचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडू द्यावीत. हे सकाळच्या गारव्यात करायचं काम आहे. दुपारी पाहुणे आल्यावर पिशवी उपडी केली की पिल्लं उलटी होऊन तरंगतात. एप्रिलच्या आटत्या डोहात सोडली तर उरलेली बगळ्यांच्या पोटात जातात.

आणि बीज कुठलं? कावेरीचं उदाहरण लक्षात ठेवा. लोणावळ्याला तयार झालेलं आपल्या दख्खनी महसीरचं बीज तिथे सोडलं गेलं. ते इतकं फोफावलं की कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मागे रेटला गेला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तापीच्या खोऱ्यात बाहेरचं बीज आणण्याआधी हे शंभरदा आठवा.

    

बिजाने प्रश्न सुटत नाही, कारण अडचण अंड्यांपाशी आहे. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, महसीरची काही हजारच. पावसाळ्यात मासा वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. ती फुटायला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात गाळ बसला की अंडी गुदमरतात. गोटे-रेती उचलून नेली तर अंडी ठेवायला जागाच राहत नाही. मूठभर गोटे बादलीत धुऊन पाहा. पाणी चिखलासारखं झालं तर ती जागा अंड्यांसाठी गेली असं समजा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, वेळ थोडा आहे. आता उद्दिष्टं भराभर सांगतो.

मोजायचं एकक डोह. मेअखेरीस पाणी सर्वांत कमी असताना प्रत्येक डोहाची यादी करा आणि खुणा केलेल्या बांबूने खोली मोजा. मासे मोजायचे ते दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, काठावर न हलता बसून. आकार तीन लिहा: बोटुकली, वीतभर आणि हातभर. नुसते मोठे दिसले तर म्हातारे उरलेत, वीण थांबलीय. नुसते लहान दिसले तर मोठे धरले जातायत. बीज न सोडता सलग तीन वर्षं तिन्ही आकार दिसले, तरच तो डोह सावरतोय असं धरा.

संख्येसाठी जनुकशास्त्रात ५० आणि ५०० हे आकडे वापरतात: जवळच्या नात्यातल्या विणीचा धोका टाळायला निदान ५०, दीर्घकाळ टिकायला ५००. हे प्रत्यक्ष वीण करणाऱ्यांचे आकडे. नदीत प्रौढ मासे याच्या कितीतरी पट लागतात. एका डोहात ते मावणार नाहीत, म्हणून डोह जोडलेले असणं हेही उद्दिष्टच. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पाट्या पहिल्या पुराआधी निघाल्याच पाहिजेत, नाहीतर मासा खालीच अडकतो.

मुदत किमान दोन पिढ्यांची, म्हणजे दहा-बारा वर्षं. तीन वर्षांच्या प्रकल्पाने ‘यशस्वी’ लिहू नये. चुकलं तर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा: दोन वर्षं बोटुकली दिसली नाही, तर त्या डोहात जून ते सप्टेंबर जाळं बंद. सुरुंग आणि विष १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंद आहेत, आणि करंट लावून मारणंही ग्रामसभेने त्याच पंक्तीला बसवावं. वनहक्क कायदा २००६ मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजेवरचा सामूहिक हक्क मान्य आहे. ज्या गावांना तो मिळालाय, त्यांनी डोहांची यादी ठरावाला जोडून घ्यावी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या डोहांसाठी वनविभागाबरोबर बसावं लागेल. यादीचा नमुना मागच्या टेबलावर आहे, जाताना घेऊन जा.