एल्फिन्स्टन: माणसं थोडी, जागा फार

नमस्कार श्रोतेहो.

दादरहून चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली की पुढचं स्टेशन येतं प्रभादेवी. २०१८च्या जुलैपर्यंत तिथल्या पाटीवर ‘एल्फिन्स्टन रोड’ असं लिहिलेलं असायचं. आमच्या घरात या नावाचे तीन उच्चार होते. वडील गिरणीत जायचे, ते ‘एलफिस्टन’ म्हणायचे. आम्ही शाळेत शिकलेली मुलं ‘फिन्स्टन’वर जोर देऊन म्हणायचो. आणि आजी सरळ ‘अल्पिष्टन’ म्हणायची. आम्ही तिला हसायचो. पुढे कळलं, की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. जुन्या मराठी लिखाणात पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनी सरकारचा वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ‘अल्पिष्टन साहेब’ म्हणूनच भेटतो. वडगावच्या लढाईच्या वेळी पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टचा ज्या जिभेनं ‘इष्टुर फाकडा’ केला, तीच ही जीभ. स्कॉटिश आडनावं पचवायची तिला सवयच होती.

हो, स्कॉटिश. कारण एल्फिन्स्टन हे इंग्रजांचं आडनाव नव्हे. आज मी बोलणार आहे ते या आडनावाबद्दल. मुंबईत रोज लाखो माणसांच्या तोंडी असलेलं हे नाव, त्याच्या मायदेशात मात्र शोधून काढावं लागतं. स्मिथ, ब्राउन, विल्सन तिथे पावलापावलाला भेटतात. एल्फिन्स्टन क्वचित.

असं का, ते समजायला नाव जिथून निघालं तिथे जायला हवं. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरो. तिच्या पूर्वेला ईस्ट लोदियन नावाचा सुपीक, समुद्रालगतचा मुलूख. तिथल्या ट्रॅनेंट या गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचं एक छोटं खेडं आहे. वर शेती, पोटात कोळसा. आडनाव या खेड्याचं.

खेड्याला हे नाव कशावरून पडलं? ऐकणाऱ्याला वाटतं, शेवटी ‘स्टोन’ आहे, म्हणजे कुठला तरी दगड असणार. तो दगड नाही. तो ‘टून’ आहे, जुन्या इंग्रजीतला. टून म्हणजे वस्ती, वाडी. आणि आधीचा भाग एका माणसाचं नाव, एल्फविन किंवा त्यासारखं काही. ‘एल्फ’ म्हणजे त्यांच्याकडची ती पऱ्यांसारखी अद्भुत मंडळी, ‘विन’ म्हणजे मित्र. म्हणजे कुणा एल्फविनची वाडी. आपल्याकडे बापूची वाडी असते, रामाची वाडी असते, तशी. तेराव्या शतकातल्या दस्तऐवजांत साक्षीदार म्हणून ‘जॉन द एल्फिन्स्टन’ अशा धर्तीची नावं दिसू लागतात. त्यातला तो फ्रेंच वळणाचा ‘द’ म्हणजे नेमका आपला ‘कर’. एल्फिन्स्टनकर. पुढे तो ‘द’ गळून पडला आणि नुसतं गाव शिल्लक राहिलं.

बड्या घराण्यांना एवढ्या साध्या गोष्टीवर समाधान नसतं. वंशावळी लिहिणाऱ्यांनी नंतर अशी कथा रचली, की मूळपुरुष जर्मनीतला कुणी हेल्फेनश्टाइन नावाचा सरदार होता, तो स्कॉटलंडात आला आणि राजा रॉबर्ट ब्रूसच्या नात्यातली मुलगी करून इथलाच झाला. गंमत अशी, की ब्रूस गादीवर बसला १३०६मध्ये, आणि एल्फिन्स्टनकर त्याच्या आधीपासून कागदांवर साक्षीच्या सह्या देत होते. कुळाचा खरा धागा बहुधा घराण्याच्या ढालीवर आहे. तिच्यावर तीन रानडुकरांची मुंडकी आहेत. शेजारच्याच परगण्यातल्या स्विंटन घराण्याच्या ढालीवरही तीन रानडुकरांचीच मुंडकी. जर्मनीच्या सरदारापेक्षा हे शेजारचं नातं मला जास्त पटतं.

आता आडनाव दुर्मिळ का राहिलं? लोहाराचा स्मिथ होतो. लोहार प्रत्येक गावात असतो, त्यामुळे स्मिथ गावोगाव स्वतंत्रपणे जन्मले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर अनेकदा सरदाराच्या आश्रयाला असलेली कुळंही त्याचंच आडनाव लावू लागली, म्हणून कॅम्पबेल इतके दिसतात. एल्फिन्स्टनचं तसं नाही. एकच खेडं, त्याच्या भोवतीचं मुख्यतः एकच कुळ. झरा लहान असला की नदी मोठी व्हायला वेळ लागतो. आणि या घराण्याच्या नशिबात तो वेळही सुखाचा नव्हता.

पहिला फटका पंधराव्या शतकात बसला. घराण्याचा प्रमुख अलेक्झांडर १४३५मध्ये पायपरडीनच्या लढाईत पडला. मागे एकच मुलगी, ॲग्नेस. तिचं लग्न जॉन्स्टन घराण्यात झालं. मग पुतणी आणि काका यांच्यात जमिनीवरून वाद लागला. शेवटी मूळ गाव मुलीकडे, म्हणजे जॉन्स्टनांकडे गेलं, आणि एल्फिन्स्टन आडनावाचे पुरुष पश्चिमेला स्टर्लिंगच्या बाजूच्या जमिनीवर सरकले. तिथे एअर्थजवळ त्यांनी आपलं बस्तान बसवलं. म्हणजे बघा, गावाचं नाव लावणारी माणसं गावात नाहीत आणि गावात राहणाऱ्यांचं आडनाव वेगळं. आपल्याकडच्या कित्येक ‘कर’ मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. ज्या गावाचे म्हणवतात तिथे त्यांची सात पिढ्यांत चूलही पेटलेली नसते.

गावात जो एल्फिन्स्टन टॉवर म्हणून गढीसारखा उंच मनोरा उभा राहिला, तो पंधराव्या शतकातला. १५४६च्या हिवाळ्यात जॉर्ज विशार्ट या धर्मसुधारकाला शेजारच्या ऑर्मिस्टनमध्ये पकडलं आणि कॅथलिक चर्चचा बडा अधिकारी कार्डिनल बीटन याच्या ताब्यात देण्यासाठी याच मनोऱ्यात आणलं. १ मार्चला सेंट अँड्र्यूजमध्ये विशार्टला जाळलं. मे संपायच्या आत बीटनचाही खून झाला. त्या दगडी भिंतींनी स्कॉटलंडच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग पाहिला खरा, पण त्यात एल्फिन्स्टन कुणी नव्हता!

घराण्याला लॉर्ड ही पदवी मिळाली १५१०मध्ये, राजा चौथ्या जेम्सकडून. तीन वर्षांनी, १५१३च्या सप्टेंबरात, इंग्रजांशी झालेल्या फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला आणि हा पहिला लॉर्ड एल्फिन्स्टनही पडला. तो दिसायला राजासारखा होता, म्हणून शत्रूची गल्लत झाली असं सांगतात. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, १५४७मध्ये पिंकीच्या लढाईत गेला. एका बाजूच्या शाखेनं बॅलमेरिनो ही पदवी मिळवली. तिचा शेवटचा धनी आर्थर एल्फिन्स्टन जॅकोबाइटांच्या, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडात सामील झाला आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर कुऱ्हाडीखाली आला. ती शाखा तिथेच संपली.

या सगळ्या तलवारबाजीत मला जवळचा वाटतो तो एक पाद्री. विल्यम एल्फिन्स्टन, जन्म १४३१, ग्लासगोतला. बाप चर्चचा माणूस, आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं. तो पुढे ॲबर्डीनचा बिशप झाला. १४९५मध्ये पोपची परवानगी आणून त्यानं तिथे विद्यापीठ काढलं. स्कॉटलंडात छपाई सुरू व्हावी म्हणून त्यानं राजाला गळ घातली. १५०७मध्ये चेपमन आणि मिलर या दोघांना छापखान्याची सनद मिळाली, आणि १५१०मध्ये बिशपनं जमवलेला स्कॉटिश संतांच्या कथा आणि प्रार्थनांचा मोठा संग्रह छापून निघाला. फ्लॉडनच्या रणात राजा गेला त्याच्या पुढच्याच वर्षी बिशपही गेला. पाद्री, त्यामुळे संसार नाही. आडनाव त्याच्यापाशीच थांबलं, पण विद्यापीठ चालू आहे, आणि त्याच्या पाचशेव्या वर्षी, १९९५मध्ये, लोककला आणि लोकपरंपरांच्या अभ्यासासाठी तिथे जी संस्था उभी राहिली तिचं नाव एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट.

इथून पुढे श्रोतेहो, एक चाल सतत दिसते. माणूस निपुत्रिक जातो आणि नाव जागेला चिकटतं.

आपल्या ओळखीचे दोघे घ्या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्म १७७९, अकराव्या लॉर्डचा धाकटा मुलगा. पुण्यात रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर पेशवाईचा मुलूख त्याच्या हातात आला, आणि १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. जाताना लोकांनी वर्गणी जमवली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, बाबासाहेब आंबेडकर तिथले विद्यार्थी. माउंटस्टुअर्टनं लग्न केलं नाही. दुसरा, तेरावा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. १८५७चं सगळं वादळ त्याच्या काळातलं. आपलं स्टेशन या दुसऱ्याच्या नावाचं, कॉलेजवाल्याच्या नव्हे. हा घोळ मुंबईत भल्याभल्यांचा होतो. त्यानंही लग्न केलं नाही, आणि पदवी चुलतभावाकडे गेली.

आणि याच घराण्यातला तिसरा, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ, जनरल विल्यम एल्फिन्स्टन. १८४२च्या जानेवारीत काबूलमधून माघार घेताना बर्फाच्या खिंडीत अख्खी फौज गमावणारा तो. एप्रिलमध्ये कैदेत मेला. त्याच्या नावानं कुणी स्टेशन काढलं नाही, हे सांगायला नको.

नावांच्या जागा मात्र बघा कुठे कुठे पोचल्या. महाबळेश्वरला एल्फिन्स्टन पॉइंट. कराचीत एल्फिन्स्टन स्ट्रीट होता, त्याचा झेबुन्निसा स्ट्रीट झाला, तरी कराचीकरांच्या तोंडी ‘एल्फी’ राहिला. ओमानच्या मुसंदममध्ये, कड्यांच्या मधोमध घुसलेली एल्फिन्स्टन खाडी. १८६०च्या दशकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलसाठी तिथल्या एका उघड्या खडकाळ बेटावर ठाणं बसवलं होतं. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात एल्फिन्स्टन नावाचा प्रवाळखडक आहे, पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांचा आवडता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर याच नावाचा डोंगर, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात याच नावाचं गाव. एका वाडीचं नाव माणसाला चिकटलं आणि माणसाच्या पाठीवर बसून पुन्हा वाड्या, खाड्या, डोंगर झालं.

माणसंही गेलीच. जॉन एल्फिन्स्टन नावाचा दर्यावर्दी तर रशियाच्या राणीच्या, दुसऱ्या कॅथरीनच्या चाकरीत शिरला आणि १७७०मध्ये चेश्मेच्या लढाईत तुर्कांच्या आरमाराशी लढला. आज हे आडनाव स्कॉटलंड आणि इंग्लंडखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा, स्कॉटिश माणूस बोटीनं जिथे जिथे गेला तिथे तिथे, थोडं थोडं विखुरलेलं आहे. मुली सासरी गेल्या आणि वारस नसला की आडनावं एकमेकांना डब्यांसारखी जोडली गेली. डॅलरिंपल-हॉर्न-एल्फिन्स्टन, बुलर-फुलर्टन-एल्फिन्स्टन. अर्जाच्या चौकटीत ही आगगाडी कशी मावत असेल, कोण जाणे.

स्पेलिंगचंही एक प्रकरण आहे. शेवटी ‘ई’ लावणारे एल्फिन्स्टन वेगळे आणि न लावणारे वेगळे. अठराव्या शतकात जेम्स एल्फिन्स्टन नावाचा एडिनबरोचा शिक्षक होऊन गेला, तो न लावणाऱ्यांतला. इंग्रजी शब्दकोश लिहिणाऱ्या डॉक्टर जॉन्सनचा मित्र. इंग्रजी जशी बोलतात तशीच लिहावी, या हट्टापायी त्यानं स्वतःच्या नव्या स्पेलिंगमध्ये पुस्तकं छापली. लोक हसले आणि जुनंच लिहीत राहिले. इंग्रजीच्या तासाला छड्या खाल्लेल्या माझ्या पिढीनं तरी या गृहस्थाला एक नमस्कार करायला हवा.

आणि मूळ खेडं? गंमत अशी, की अलीकडच्या काळात लॉर्ड एल्फिन्स्टनांचं घर पुन्हा त्याच मुलखात आलं. कारबेरी टॉवर, खेड्यापासून अगदी जवळ. सोळाव्या लॉर्डची बायको मेरी ही इंग्लंडच्या ‘क्वीन मदर’ची, म्हणजे राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईची, सख्खी बहीण. त्यांची मुलगी मार्गारेट १९४७मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात करवली होती. म्हणजे चारेकशे वर्षांनी एल्फिन्स्टन एल्फिन्स्टनच्या शिवेपाशी परतले. पण तोवर खाली कोळसा खणून जमीन पोकळ झाली होती. मनोऱ्याला तडे गेले, आणि १९५५मध्ये तो तळमजल्यापर्यंत उतरवावा लागला. १९६१मध्ये कुटुंबानं कारबेरीही चर्च ऑफ स्कॉटलंडला देऊन टाकलं. आता खेड्यात मनोऱ्याचे तळाचे दगड आहेत, आणि वेशीवरच्या पाटीवर गावाचं नाव.

नमस्कार.