रात्री 3 ला धडधडतंय? या, खळ्यात बसूया

नमस्कार मंडळी, आज मुद्दाम खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात बसून बोलतोय, मागे कोंबडा आरवेल मधेच, चालवून घ्या.

देवगडला आमची हापूसची छोटी बाग आहे, आणि मोहोर आला की आमच्याकडे झोपेचं खोबरं झालंच म्हणून समजा. जरा ढगाळलं की तुडतुडे, म्हणजे मोहोरावरची कीड वाढणार, अवकाळी पडला तर मोहोर काळा पडणार, मग मी रात्री 3 ला उठून मोबाईलवर हवामान बघायचो, दहा मिनिटांनी परत तेच, आणि छातीत नुसती धडधड, तळहाताला घाम. आजी म्हणायची, "जीव घाबरता तर खळ्यात येवन बस." तेव्हा मी ऐकलं नाही.

काय होतं ना, काळजी वाटली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, श्वास वरच्यावर चालतो. ठोक्यांना थांब म्हणून ते थांबत नाहीत, पण श्वास आपल्या हातात असतो, आणि श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेमुळे ठोके जरा मंदावतात. म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा. 4 आकडे मोजत नाकाने घ्या, 6 मोजत सोडा, मिनिटाला साधारण 6 श्वास होतात. जोर लावून ओढू नका हां, चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, नेहमीसारखा घ्या.

दुसरं, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं, म्हणजे काळजीची वेळ ठरवणं. दिवेलागणीच्या आधी 15 मिनिटं वही घेऊन बसतो, एका बाजूला माझ्या हातातलं, फवारणी, मजुरांचे पैसे, बँकेचा हप्ता, दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं, पाऊस, वाशीच्या बाजारातला आंब्याचा भाव. रात्री डोक्यात आलं की स्वतःला सांगायचं, उद्या वहीत लिहू. पहिले काही दिवस मन ऐकत नाही, धरून ठेवा.

मोबाईल रात्री माजघरात. चहा दुपारी 3 नंतर बंद, कारण त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनी जेमतेम निम्मं होतं. आणि ओहोटीला पुळणीवर ओल्या वाळूतून अर्धा तास चाला, कोणी सोबत असेल तर बोलत बोलत.

आणि हे नीट ऐका. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, ही काळजीच असेल असं घरी बसून ठरवू नका. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जीव नकोसा वाटतोय, तर लगेच टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, फुकट आहे, 24 तास चालू, मराठीत बोलतात. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, नाव ऐकून लोक बिचकतात, पण ताप आला की जातो ना आपण दवाखान्यात, तसंच हे.

चला, मोबाईल समोर टेकवून ठेवा, पाठ भिंतीला लावा. मी मोजतो. घ्या, एक, दोन, तीन, चार... आता हळूहळू सोडा...