ओल्ड फॅशन्ड आणि आपलं संत्रं

मंडळी, वर्ध्याहून आलेल्यांनी नुसतं ऐकून घ्यावं, तुमच्याकडे दारूबंदी आहे. बाकीच्यांचं वय २५ च्या पुढे आहे आणि खिशात परवाना आहे, असं धरून चालतो.

१८०६ साली अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेल म्हणजे काय ते वाचकाला सांगितलं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळ्या-सालींचा कडू अर्क. ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल आजही त्याच चार जिनसांचं. संत्र्याची साल वरून घालतात, आणि नागपूरकराची अडचण तिथेच सुरू होते.

परदेशी कृतीतलं संत्रं जाड, घट्ट सालीचं असतं. सोलाणं फिरवलं की सरळ पट्टी निघते. आपलं संत्रं ढिल्या सालीचं. सोलाणं लावलं की साल आत दबते आणि फाटते. म्हणून फळ कोमट पाण्यानं धुऊन हातानंच सोला. सालीचा मोठा तुकडा पाटावर पालथा घालून आतल्या शिरा खरवडा, आणि दोन बोटं रुंद पट्टी सुरीनं कापा. रंगीत बाजू ग्लासाकडे करून ती चिमटीत दुमडा. उजेडात बारीक तुषार उडताना दिसेल. लहानपणी आपण एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो ना, तेच हे तेल! अर्धं काम त्याचंच. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडाशी नागपूरच्या कळमना बाजारात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी तरी मृगाची वाट पाहतो.

आता व्हिस्की. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. अमेरिकन बारवाले या पेयासाठी बरेचदा ४५ ते ५० टक्क्यांची बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, घेतात. त्यातून आपल्या स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं. तिकडची कृती जशीच्या तशी केली तर पेय पाणचट आणि गोडमिट्ट होतं. म्हणून ६० मिली व्हिस्कीला साखरेचा पाक अर्धाच चमचा. कोरडी साखर नको, दारूत ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते. अँगोस्टुरा बिटर्सचे दोन झटके द्या. बाटलीपेक्षा कागदी लेबल मोठं असलेली तीच ती बाटली.

बर्फाकडे मात्र नीट लक्ष द्या. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की ट्रेमधले चिमुकले तुकडे ढवळता ढवळताच पाणी होतात. रात्री स्टीलच्या वाटीत पाणी गोठवा. एकच मोठा खडा बाहेरच्या उष्म्याला कमी अंग दाखवतो. ग्लासही फ्रीजरमध्ये ठेवा. मग वीसेक वेळा शांतपणे ढवळा. आणि भाऊ, वरून सोडा नका ओतू! सोडाच हवा असेल तर सरळ व्हिस्की-सोडा प्या, मी काऊन अडवू?

राहिल्या सोललेल्या फोडी. काही जण त्या ग्लासात चेचतात. रस सुटला की बिटर्स झाकले जातात. मिठाच्या शेंगदाण्यांसोबत बशीत ठेवा.