नाव-गाव पेनड्राइव्हचं

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पेनड्राइव्हला नाव देणं हा काय व्याख्यानाचा विषय आहे का, असं काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. ठीक आहे. मग एक सांगा, कपाटात, टीव्हीखालच्या खणात, गाडीत असे मिळून घरात जे चार-पाच पेनड्राइव्ह असतील, त्यांतल्या कशात काय आहे हे कॉम्प्युटरला न लावता कोणाला सांगता येईल? हात वर करा. दोनच हात. त्यातल्या या ताई म्हणताहेत की त्यांच्याकडे एकच पेनड्राइव्ह आहे. म्हणजे तो हात धरायचा नाही.

मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक पेनड्राइव्ह कसा ओळखतात हे त्यामुळे रोज बघायला मिळतं. कोणी म्हणतं, 'तो लाल-काळा'. तसे तीन असतात. कोणी म्हणतं, 'चौसष्ट जीबीवाला'. तो लावला की कॉम्प्युटर दाखवतो ५९ जीबी, आणि यजमानांना वाटतं दुकानदाराने फसवलं. फसवलेलं नसतं. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींच्या वर धरतो. त्या हिशेबात चौसष्टाचे साधारण साडेएकोणसाठ होतात, आणि थोडी जागा आतल्या नोंदवहीलाही जाते. आकारावरून ओळखणं म्हणूनच बेभरवशाचं. आणि तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा: 'तो ई ड्राइव्ह'.

हे ई, एफ, जी काय आहे ते आधी नीट समजून घेऊ, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. जुन्या कॉम्प्युटरात ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. हार्ड डिस्क आली तिला सी मिळालं. फ्लॉपी गेल्या, पण सी सीच राहिला. त्यानंतर जे काही तुम्ही लावाल त्याला विंडोज पुढचं मोकळं अक्षर देतो. म्हणजे ई हे पेनड्राइव्हचं नाव नव्हे, त्या कॉम्प्युटरने त्या वेळेपुरती दिलेली जागा आहे. मुलाच्या लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह जी होईल, झेरॉक्सवाल्याकडे आय होईल. या उलट त्याचं जे नाव असतं, ज्याला लेबल म्हणतात, ते पेनड्राइव्हच्या आतच लिहिलेलं असतं. ते त्याच्याबरोबर कॉलेज रोडला जातं, नाशिकरोडला जातं, अमेरिकेतल्या नातवाच्या मॅकवरही, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवरही, तेच दिसतं.

दुकान चालवणाऱ्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप रोज संध्याकाळी ई ड्राइव्हवर घ्यायचा असं ठरवून ठेवलेलं असतं. एक दिवस आधीपासून दुसराच पेनड्राइव्ह लावलेला असतो. ई त्याने घेतला, आणि आपला बॅकअप मुकाट्याने भलत्याच ठिकाणी गेला. कोणी तक्रार करत नाही, कारण बॅकअप तर झालाय. असं काम असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पेनड्राइव्हला वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर देऊन ठेवा, समजा आर. मधली अक्षरं कोणी ना कोणी पळवतं. आरपर्यंत सहसा कोणी पोचत नाही. त्या कॉम्प्युटरपुरतं ते पक्कं राहतं. पण नाव द्यायचंच, ते सुटत नाही.

आता नाव द्यायचं कसं. 'धिस पीसी' उघडा, पेनड्राइव्हवर एकदा क्लिक करा, आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एफ-टू दाबा. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन दाबावं लागतं. नाव निळं होईल, नवीन टाइप करा, एंटर. झालं. मॅकवर पेनड्राइव्हचं चित्र निवडून रिटर्न दाबायचं. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणारे इथे कमीच असतील. त्यांनी आधी पेनड्राइव्ह अनमाउंट करून डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममधून नाव बदलावं.

राइट क्लिक करून रीनेम म्हणता येतं, मग मी एफ-टूच का सांगतोय? कारण राइट क्लिकच्या त्या यादीत फॉरमॅटही आहे, म्हणजे पेनड्राइव्ह कोरा करायची आज्ञा. आपल्या वयात माउसवर हात थरथरतो, चष्मा वरच्या काचेतून बघतो की खालच्या ते कळत नाही. ज्या यादीत फॉरमॅट आहे तिच्यात विनाकारण शिरूच नये.

— मागून एका काकूंनी विचारलंय, नाव बदललं तर आतले फोटो जातील का? फार चांगला प्रश्न. नाही जाणार. नाव बदलल्याने फायलींना धक्काही लागत नाही. फॉरमॅट मारला तर मात्र आतलं सगळं दिसेनासं होतं, आणि त्या खिडकीतली लेबलची चौकट कोरी ठेवली तर दिलेलं नावही जातं. चुकून फॉरमॅट झालाच, तर एक लक्षात ठेवा: त्यावर नवीन काहीही टाकू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसलेली असते, माल बराचसा जागेवर असतो. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने तो पुष्कळदा परत मिळतो. वर नवीन भजनं भरलीत की मग देवालाच हाक मारा.

गंगापूर रोडवरच्या एका घरी असंच झालं होतं. एकाच कंपनीचे दोन पेनड्राइव्ह, दोघांचं नाव तेच, कंपनीचं. एकात टीव्हीवर लावायची गाणी, दुसऱ्यात मुलीच्या लग्नाचे फोटो, स्टुडिओवाल्याने लाकडी डबीत घालून दिलेले. टीव्ही पेनड्राइव्ह वाचेना म्हणून जावयांनी फॉरमॅट मारला. कुठला मारला ते तुम्हाला कळलंच असेल. बहुतेक फोटो आले परत. पण कॉम्प्युटर फॉरमॅटच्या खिडकीवर सगळ्यात वर पेनड्राइव्हचं नाव दाखवतो. तिथे 'लग्न' एवढं दिसलं असतं तरी जावईबापूंचा हात थांबला असता.

नाव किती मोठं असावं, याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पेनड्राइव्हपेक्षा म्हातारी आहे. पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. त्याच्या कितीतरी आधी, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळात, फाइलचं नाव आठ अक्षरं आणि टिंबानंतरचं शेपूट तीन अक्षरं असा नियम होता. आठ आणि तीन अकरा. डिस्कचं नावही त्याच यादीत, फाइलसाठी असते तशाच एका ओळीत लिहायचे, म्हणून त्यालाही अकराच खाने मिळाले. पेनड्राइव्हवर फायली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, फॉरमॅट करताना त्यातली एक निवडायची. आजही फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हचं नाव अकरा अक्षरांच्या वर जात नाही. आणि विंडोजवर तुम्ही छोट्या रोमन अक्षरांत लिहिलंत तरी ते मोठ्या अक्षरांत जाऊन बसतं. टिंब, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह चालत नाही. देवनागरीच्या तर वाटेलाच जाऊ नका.

देवनागरी हवी असेल तर एक्सफॅट. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. त्यातही खाने अकराच, पण कुठल्याही लिपीतलं अक्षर बसतं. मात्र कॉम्प्युटर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर तोही वेगळा. 'लग्नाचे फोटो' मोजून बघा, मधल्या जागेसकट बारा होतात. बसत नाही. 'लग्नफोटो' आठात बसतं. 'सिंहस्थ२०१५' बरोब्बर अकरा. मध्ये एक स्पेस दिलीत की बाहेर. आपल्या देवस्थानांचं बघितलं तर गंमत आहे. सप्तशृंगी देवनागरीत नऊ खाने घेते, रोमनमध्ये बारा, म्हणजे देवीने मराठीतच राहायचं ठरवलंय. त्र्यंबकेश्वर मात्र दोन्ही लिप्यांत तेरा. महादेव काही अकरात मावत नाहीत.

एनटीएफएस म्हणून तिसरी पद्धत आहे, त्यात बत्तीस अक्षरं मिळतात. पण नुसत्या लांब नावासाठी पेनड्राइव्ह एनटीएफएस करू नका. मॅक तो वाचतो, त्यावर लिहीत नाही. आणि देवनागरीच्या हौसेपायी गाडीतला पेनड्राइव्ह एक्सफॅट करायला जाल तर जुन्या गाडीचा स्टिरिओ तो ओळखणारच नाही. त्या बिचाऱ्याला फॅट३२च कळतं. पद्धत बदलायची म्हणजे फॉरमॅट आलाच, तेव्हा आधी माल दुसरीकडे काढून ठेवा. खरं सांगायचं तर रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मराठी नाव पुरेसं आहे. आपण मोबाइलवर निम्मं जग तसंच लिहितो.

आता मुख्य मुद्दा. नाव कुठलं द्यायचं? बहुतेक लोक आत जे आहे त्याचं नाव देतात. 'फोटो', 'बिलं', 'भजनं'. सहा महिन्यांनी आत भलतंच असतं. 'भजनं' उघडावं तर नातवाचा प्रोजेक्ट निघतो. म्हणून मी सांगतो की आत काय आहे त्याचं नाव देऊ नका, तो कुठे जाणार आहे त्याचं नाव द्या. 'घर', 'बाहेर', 'गाडी', 'टीव्ही'. चार नावं, सगळी अकराच्या आत. रामकुंडावर आपण जातो तेव्हा तीर्थोपाध्याय काय विचारतात? गाव कुठलं, आडनाव काय. तेवढ्यावर नेमकी वही निघते आणि पणजोबांची सही समोर येते. वहीत पुढे कितीही नावं वाढली तरी वहीवरचं गाव बदलत नाही.

यात 'बाहेर' नावाचा पेनड्राइव्ह सगळ्यात महत्त्वाचा. झेरॉक्सच्या दुकानात, फोटो स्टुडिओत, सोसायटीच्या ऑफिसात जाईल तो हाच. त्यात प्रिंट काढायची तेवढीच फाइल, दुसरं काही नाही. 'घर' उंबरठा ओलांडणार नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागतात. तिथून आपल्याकडे येणारी एक बाधा तुम्ही पाहिली असेल: पेनड्राइव्ह उघडला की सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. यातले काही प्रकार इतके चलाख की ते त्याच पेनड्राइव्हचं नाव त्या शॉर्टकटला देतात. म्हणजे 'बाहेर' उघडला, आत पुन्हा 'बाहेर'. आपण सवयीने त्यावर क्लिक करतो आणि तो व्हायरस चालू होतो. कुठल्याही पेनड्राइव्हच्या आत त्याचंच नाव दिसलं तर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरस चालवा. फोल्डर बहुतेक वेळा गेलेले नसतात, लपवलेले असतात.

आणि बाहेरच्या पेनड्राइव्हला तुमचं पूर्ण नाव, 'इन्कमटॅक्स', 'बँक' असलं काही लेबल नको. लावल्याबरोबर ते दुकानदाराच्या स्क्रीनवर येतं, शेजारी रांगेत उभा असलेला वाचतो. विंडोज लावलेल्या पेनड्राइव्हची नोंदही आपल्याकडे ठेवून घेतो.

काही जण लेबलमध्ये मोबाइल नंबर घालतात. दहा आकडे, अकरा खाने, बसतो व्यवस्थित. हरवला तर परत यावा हा हेतू. पण सापडलेला पेनड्राइव्ह शहाण्या माणसाने आपल्या कॉम्प्युटरला लावूच नये, आणि लावला नाही तर त्याला नंबर दिसणार कसा? म्हणून नंबर बाहेर, वरच्या अंगावर. कागदी स्टिकर चिकटवू नका. पेनड्राइव्ह गरम होतो, गोंद सुटतो, आणि कागदाचा कोपरा पोर्टमध्ये अडकतो. प्लास्टिकवर पर्मनंट मार्करने लिहा. धातूवर मार्कर खिशातल्या किल्ल्यांनी पुसला जातो. तिथे नेलपॉलिशचा ठिपका टिकतो. मागे भोक असेल तर किल्लीला लावतो तसला टॅग. बाहेरचं नाव आणि आतलं लेबल एकच ठेवा, एवढं मात्र पाळा.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, मुलाने लिनक्स टाकण्यासाठी बनवून ठेवलेला पेनड्राइव्ह. त्यातले काही प्रकार सुरू होताना पेनड्राइव्हच्या लेबलवरूनच आपल्या फायली शोधतात. नाव बदललंत की अर्ध्यात थांबतात. दुसरं, डिजिटल सहीचं टोकन. सीएच्या ऑफिसात डबाभर असतात, एकसारखी, दिसायला हुबेहूब पेनड्राइव्ह. पण त्यात फायली ठेवायची सोय नसते, सहीची किल्ली असते. त्याला फक्त बाहेरून टॅग लावायचा. त्या टॅगवर कोणाचं टोकन ते लिहा, आणि पासवर्ड लिहू नका. हसू नका, लिहिलेला मी पाहिलाय.

— हे काका विचारताहेत की दोन पेनड्राइव्हना एकच नाव दिलं तर कॉम्प्युटर चिडेल का. नाही चिडणार. मॅक आणि लिनक्स दुसऱ्याच्या पुढे आपणहून एक आकडा लावतात. विंडोज दोन्ही तसेच दाखवतो, फक्त अक्षर वेगळं. चिडाल ते तुम्हीच. 'गाडी१', 'गाडी२' करा.

ज्यांनी पेनड्राइव्ह आणलेत त्यांनी आता इकडे लॅपटॉपपाशी या. आधी प्रत्येकाचा स्कॅन होईल, मग नाव तुम्ही स्वतः टाइप करायचं, मी नाही करणार. मार्कर आणि नेलपॉलिश टेबलावर ठेवलंय. डिजिटल सहीचं टोकन कोणी आणलं असेल तर ते खिशातच राहू द्या.